आधी शिदोरी, मागून परलोक

मृत्यूनंतरही माणसाचे काहीतरी उरते, ही समजूत जगातल्या जवळजवळ सर्व समाजांत आढळते. तिचा उगम शोधताना पहिली अडचण पुराव्याची येते. समजूत जमिनीत सापडत नाही. सापडतात ती हाडे, मडकी, मणी आणि राख. लिपीचे वय जेमतेम पाच हजार वर्षांचे. त्याआधीच्या माणसाने मेलेल्यांविषयी काय मानले, हे त्याने मेलेल्यांचे काय केले यावरूनच ताडावे लागते. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडचा जुन्नर-आंबेगावचा मुलूख आणि तिथून पूर्वेकडे उतरणारे कुकडी-घोड नद्यांचे खोरे या शोधाला फार सोयीचे आहे. अश्मयुगीन हत्यारांपासून ओतूरच्या समाधीपर्यंत या कहाणीचे बरेचसे टप्पे इथे एकाच खोऱ्यात भेटतात.

सुरुवात मात्र नकारानेच करावी लागते. जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी बोरी बुद्रुक येथे ज्वालामुखीच्या राखेच्या थराजवळ अश्मयुगीन हातकुऱ्हाडी सापडल्या आहेत. ती राख इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची की त्याहून कितीतरी जुनी, यावर संशोधकांत वाद आहे. हत्यारे घडवणाऱ्याला दगडाची पारख होती, हात सराईत होता. पण त्याने आपल्या मेलेल्यांचे काय केले याचा मागमूस तिथे नाही. बुद्धी होती म्हणजे परलोकाची कल्पनाही असणारच, असे गृहीत धरता येत नाही.

जगात इतरत्र पुरावा आहे, पण तोही निसरडा. स्पेनमधल्या आतापुएर्का येथे सुमारे ४ लाख ३० हजार वर्षांपूर्वीच्या अठ्ठावीसेक माणसांची हाडे एका खोल विवरात मिळाली. ती मुद्दाम टाकली असावीत असे काहींना वाटते. इराकमधल्या शानिदार गुहेत १९६०च्या सुमारास निअँडरथल माणसाच्या सांगाड्याभोवतीच्या मातीत फुलांचे परागकण आढळले आणि ‘फुलांत पुरलेला माणूस’ जगभर गाजला. पुढे हे पराग बिळे करणाऱ्या उंदरांनी किंवा मधमाश्यांनी आणले असण्याची शक्यता पुढे आली आणि फुलांची कथा कोमेजली. इस्राएलमधल्या काफझे गुहेतला पुरावा अधिक भक्कम आहे. तिथे सुमारे लाखभर वर्षांपूर्वी पुरलेल्या एका मुलाच्या छातीशी हरणाची शिंगे ठेवलेली होती. केनियातल्या पांगा या सैदी गुहेत ७८ हजार वर्षांपूर्वी अडीच-तीन वर्षांच्या एका मुलाला गुंडाळून, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवून पुरले होते. रशियातल्या सुंगीर येथे सुमारे ३४ हजार वर्षांपूर्वीच्या कबरींत मॅमथच्या दातांचे दहा हजारांहून अधिक मणी मिळाले. ते घडवायला कित्येक महिन्यांची मेहनत लागली असणार.

पुरणे म्हणजे परलोक मानणे नव्हे. दुर्गंधी टाळायला, तरसांपासून देह वाचवायला, नुसत्या मायेपोटीही माणूस पुरला जाऊ शकतो. जिवंत माणसांच्या उपयोगाची वस्तू मेलेल्याजवळ ठेवून दिली जाते तेव्हा प्रश्न बदलतो. ही वस्तू त्याला लागणार आहे, असे कुणालातरी वाटले असावे.

हा प्रश्न महाराष्ट्रात सर्वांत ठळकपणे उभा राहिला तो इनामगावात. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावरच्या या गावी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यामागची प्रमुख नावे. इ.स.पूर्व १६०० ते ७०० या काळात इथे शेती करणारी, तांब्याची आणि दगडाची हत्यारे वापरणारी, रंगीत मडकी घडवणारी वस्ती नांदली. या ताम्रपाषाणयुगीन लोकांनी आपले मृत गावाबाहेर नेले नाहीत. घराच्या जमिनीखाली, अंगणात, म्हणजे रोजच्या वावरातच त्यांनी त्यांना पुरले. अशी दोनशेहून अधिक दफने तिथे मिळाली.

लहान मुलांसाठी पद्धत ठरलेली होती. दोन करड्या रांजणांची तोंडे एकमेकांना भिडवून ते खड्ड्यात आडवे ठेवायचे आणि मूल त्यांच्या आत. हाच प्रकार आंबेगाव तालुक्यात घोड नदीच्याच काठी असलेल्या चांदोलीत आणि प्रवरेकाठच्या नेवासे, दायमाबाद येथेही दिसतो. नेवाशाच्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांच्या छिद्रांत गंजाने जपून ठेवलेला दोरा तपासला तेव्हा त्यात रेशीम आणि कापूस निघाला. चांदोलीच्या माळेत जवसाचा धागा होता. त्या काळी तांबे सहज मिळत नव्हते, तरी एवढे तांबे मुलाबरोबर मातीत गेले. जोडीला वाडगी आणि तोटीची भांडी ठेवलेली असत. त्यांत बहुधा अन्नपाणी असावे.

प्रौढांना उताणे निजवून, डोके उत्तरेला करून पुरत. इथे उत्खननकर्ते चक्रावले, कारण अनेक सांगाड्यांना घोट्याखालचे पाय नव्हते. पाय मृत्यूनंतर तोडलेले होते. मेलेला माणूस उठून चालू नये, भूत होऊन घरी परतू नये म्हणून हे केले असावे, असा अर्थ संशोधकांनी लावला आणि तो आजवर टिकून आहे. दुसरा पटेल असा अर्थ कुणी पुढे आणलेला नाही, हेही त्याचे एक कारण असेल. त्याच खड्ड्यात, त्याच माणसाच्या उशाशी, खाण्यापिण्याची भांडीही आहेत. म्हणजे त्याला उपाशी राहू द्यायचे नाही आणि परतही येऊ द्यायचे नाही. मानवशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लॉ मालिनोव्स्की यांनी १९२५ साली लिहिले होते की, मृताविषयीची माया आणि प्रेताची भीती या दोन भावना अंत्यविधीत एकत्र नांदतात. इनामगावच्या कबरीइतके त्याचे स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

एक अपवाद तिथेच आहे. वस्तीच्या मध्यभागी असलेल्या पाच खोल्यांच्या मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा, पोट फुगलेला मातीचा रांजण निघाला. त्यात सुमारे चाळीस वर्षांचा पुरुष मांडी घालून बसवलेला होता आणि त्याचे पाय शाबूत होते. घराला लागून धान्याचे कोठार होते, त्यावरून हा गावचा प्रमुख असावा असे मानतात. सर्वसामान्यांनी परतू नये. मुखियाची मात्र अडचण नव्हती. मेल्यावरही मान सारखा नसतो, हे परलोकाचे कुठलेही शास्त्र लिहिले जाण्यापूर्वीच ठरून गेले होते.

मडक्याला गर्भाशय मानण्याची कल्पना इथे होती का, मूल पुन्हा त्याच घरात जन्माला यावे अशी आशा होती का, यावर बरेच लिहिले गेले आहे. कल्पना मोहक आहे, पुरावा तोकडा. धर्मशास्त्रांनी पुढे दोन वर्षांखालील मुलांना दहन न करता पुरायला सांगितले आणि ती रीत आजही पाळली जाते. डोके उत्तरेला म्हणजे पाय दक्षिणेला, आणि दक्षिण ही पुढे यमाची दिशा झाली. उत्तरेकडे डोके करून झोपू नये, असे घरातली वडीलधारी माणसे आजही बजावतात. ही साम्ये डोळ्यांत भरतात, पण तीन हजार वर्षांची सलग साखळी त्यातून सिद्ध होत नाही.

इनामगाव ओस पडण्याच्या आगेमागे विदर्भात वेगळीच रीत दिसते. नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा या ठिकाणी शिळावर्तुळे आहेत. मोठ्या धोंड्यांच्या रिंगणात पुरलेल्या माणसांजवळ लोखंडी हत्यारे, भांडी आणि घोडेही आहेत. माहुरझरीच्या घोड्यांच्या तोंडावर तांब्याचा साज होता. घोड्यावर बसणारा माणूस घोड्यासह गेला.

आतापर्यंतच्या या सगळ्या कृतींमागचा विचार मुका आहे. तो बोलू लागतो ग्रंथांत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यम हा मेलेला पहिला माणूस आहे. त्याने वाट शोधली आणि पुढचे सारे त्याच वाटेने गेले. मृताला सांगितले जाते की जुन्या वाटेने जा, पितरांना भेट, तिथे नवा देह घे. हे ठिकाण प्रकाशाचे, मेजवानीचे आहे. नरकाचे तपशीलवार वर्णन तिथे नाही आणि पुनर्जन्मही स्पष्टपणे नाही. पुढे ब्राह्मणग्रंथांत एक शंका डोके वर काढते: परलोकातही पुन्हा मरण आले तर? या ‘पुनर्मृत्यू’च्या भीतीतून उपनिषदांतला पुनर्जन्माचा विचार घडला, असे अनेक अभ्यासक मानतात. छांदोग्य उपनिषदात देवयान आणि पितृयान या दोन वाटा सांगणारा राजा प्रवाहण जैवली आहे. ही विद्या याआधी ब्राह्मणांकडे गेलेली नव्हती, असेही तो बजावतो. पुनर्जन्म आला तरी पितरांची मेजवानी उठली नाही. ज्याचा पुन्हा जन्म झाला त्याला पिंड कसा पोचतो, या कोड्यावर धर्मशास्त्रकारांनी पानेच्या पाने खर्च केली. भारतरत्न पां. वा. काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या चौथ्या खंडात ती चर्चा उलगडली आहे. तिला सर्वांना पटेल असे उत्तर कधीच मिळाले नाही.

हा वैदिक यम जुन्नरला दगडावर भेटतो. नाणेघाटातल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा लेख आहे. त्याच्या आरंभीच्या नमनात इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य यांच्याबरोबर यम, वरुण, कुबेर आणि वासव हे चार लोकपाल येतात. पुढे अश्वमेधासह अनेक यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या हजारो गाईंच्या दक्षिणेची यादी आहे. त्याच लेण्याच्या मागच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, श्री सातकर्णी, नागनिका आणि इतर कुलजनांच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. प्रतिमा नष्ट झाल्या, त्यांवरची नावे उरली. घाटातून जाणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याने राजघराण्याचे पूर्वज पाहावेत, अशी ती योजना असावी. पूर्वजपूजा आणि राजसत्ता यांची गाठ इतकी उघडपणे फार थोड्या ठिकाणी दिसते.

जुन्नरभोवती दोनशेहून अधिक बौद्ध लेणी आहेत. कायम टिकणारा आत्मा बौद्धमताला मान्य नाही. तरी दान, पुण्य आणि पुढचा जन्म यांवर लेणी खोदवणाऱ्यांची भिस्त होती. जुन्नरच्या दानलेखांत यवनांचीही नावे आहेत. नाशिकच्या एका लेखात इंद्राग्निदत्त या यवनाने आईवडिलांप्रीत्यर्थ लेणे दिल्याचे कोरले आहे. भाजे येथे मृत थेरांच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंच्या, नावांचे छोटे स्तूप एकाशेजारी एक उभे आहेत. तत्त्वज्ञान काहीही सांगो, मेलेल्याचे नाव घेऊन काहीतरी करण्याची गरज भागलीच पाहिजे, असे दिसते.

मध्ययुगात हीच गरज वीरगळांत उतरली. जुन्नर-आंबेगाव भागातही देवळांबाहेर हे उभे दगड दिसतात. खालच्या चौकटीत लढून पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवपिंडीपुढे बसलेला तोच वीर आणि माथ्यावर चंद्रसूर्य. गुरे पळवणाऱ्यांशी झुंजताना मेलेला साधा गावकरीही यात येतो. यज्ञाने राजाला मिळणारा स्वर्ग इथे गावकऱ्याला मिळाला. अट एकच, गावासाठी मरण आले पाहिजे.

ओतूरला मांडवी नदीकाठी कपर्दिकेश्वराच्या परिसरात चैतन्य परंपरेतल्या सत्पुरुषाची समाधी आहे. संन्याशाने जिवंतपणीच स्वतःचे अंत्यविधी उरकलेले असतात, म्हणून त्याला जाळत नाहीत. बसवून, मीठ घालून पुरतात. परंपरेनुसार केशव चैतन्य ऊर्फ बाबाजी चैतन्य यांनी शके १४९३ मध्ये, म्हणजे इ.स. १५७१ साली, इथे समाधी घेतली. याच बाबाजींनी तुकाराम महाराजांना स्वप्नात येऊन मंत्र दिला, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे आणि स्वप्नातल्या या उपदेशाचा उल्लेख तुकोबांच्या अभंगात आहे. तुकोबांचा जन्म सर्वसाधारणपणे १६०८ सालचा मानतात. म्हणजे परंपरेचे साल खरे धरले, तर गुरूने शिष्याच्या जन्मापूर्वीच देह ठेवलेला होता. वारकऱ्याला यात अडचण वाटत नाही, कारण समाधी घेणे म्हणजे त्याच्या लेखी मरणे नव्हेच. याच तालुक्यात आळ्याला, ज्ञानदेवांनी वेद वदवलेल्या रेड्याचीही समाधी आहे. अमरत्वाच्या बाबतीत या मुलखाने माणसापुरताच विचार केला नाही.

ओतूरची ही कथा परलोक-कल्पनेच्या एका जुन्या सिद्धान्ताला नेमकी भिडते. इंग्रज मानवशास्त्रज्ञ एडवर्ड टायलर यांनी १८७१ साली मांडले की, आत्म्याची कल्पना स्वप्नातून निघाली. झोपलेल्याचा देह जागच्या जागी असतो, तरी तो कुठेतरी जाऊन येतो. आणि मेलेले आप्त स्वप्नात चालते-बोलते दिसतात. त्यावरून देहावेगळे असे काही असते, असा निष्कर्ष आदिमानवाने काढला. टायलरवर टीका झाली की, त्यांनी आदिमानवाला खुर्चीत बसून विचार करणारा तत्त्वज्ञ बनवले. ही टीका योग्यच आहे. तरी स्वप्नाचा मुद्दा निकालात निघत नाही. मेलेला माणूस स्वप्नात बोलला, असे सांगणारे कुणीतरी घरोघरी असते.

अलीकडच्या संशोधनाने प्रश्न माणसाच्या मनाच्या घडणीकडे वळवला. २००४ साली जेसी बेरिंग आणि डेव्हिड ब्योर्कलंड यांनी अमेरिकेतल्या लहान मुलांना बाहुल्यांचा खेळ दाखवला, त्यात सुसर उंदराला खाते. उंदराला आता भूक लागेल का, असे विचारल्यावर बरीच मुले नाही म्हणाली. पण त्याचे आईवर अजून प्रेम आहे का, या प्रश्नाला त्यातल्याच अनेकांचे उत्तर हो असे आले. देह थांबतो हे कळते. मन थांबले अशी कल्पना करणे जड जाते, कारण स्वतःच्या नसण्याचा अनुभव कुणालाच घेता येत नाही. २०१६ साली हर्वी पीपल्स आणि सहकाऱ्यांनी ३३ शिकारी-संग्राहक समाजांची तुलना केली. सृष्टीतल्या वस्तूंत चैतन्य मानण्याची समजूत सर्वांत जुनी, तिच्यामागून परलोकाची, आणि पूर्वज जिवंतांच्या व्यवहारात लक्ष घालतात ही समजूत बरीच नंतरची, असा क्रम त्यांना आढळला. शेती, जमीन आणि वारसा आल्यावर पूर्वज जागे झाले, असे त्यावरून म्हणता येते. घराखाली माणसे पुरणारे इनामगाव शेतकऱ्यांचेच गाव होते.

रिटा अस्तुती यांनी मादागास्करच्या वेझो लोकांत पाहिलेली गोष्ट महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. दवाखान्यातल्या मृत्यूची गोष्ट सांगून विचारले की बरेच लोक सर्व संपले म्हणत. कबरीवरच्या विधीची गोष्ट सांगून विचारले की मृत पाहतो, आठवतो असे म्हणणारे वाढत. उत्तर प्रसंगावर ठरत होते. मराठी घरातही हेच दिसते. मृत्यू झाला त्या जागी दिवा लावून पीठ पसरतात, वर टोपले झाकतात आणि सकाळी पिठावर कोणत्या प्राण्याचे पाऊल उमटले ते पाहतात. हा झाला पुनर्जन्म. दहाव्या दिवशी नदीवर जीवखड्यावर पाणी घालून कावळा पिंडाला कधी शिवतो याची वाट पाहतात. शिवला नाही तर राहिलेली इच्छा ओळखून ती पुरी करण्याचे वचन देतात. म्हणजे जीव अजून घुटमळतो आहे. बाराव्याला सपिंडीने तो प्रेताचा पितर होतो आणि बाप, आजा, पणजा या तिघांच्या रांगेत बसतो. निमंत्रणपत्रिकेत तोवर ‘कैलासवासी’ छापून झालेले असते. भाद्रपदात मात्र त्याला जेवायला घरी बोलावतात. एकाच माणसाचे चार पत्ते, आणि कुणालाही त्यात विसंगती जाणवत नाही. फ्रेंच अभ्यासक रॉबेर हेर्त्झ यांनी १९०७ साली दाखवले होते की, बहुतेक समाजांत मरण ही क्षणात घडणारी घटना नसते. मृताला एका अवस्थेतून दुसरीत पोचवायला दिवस लागतात आणि मागे राहिलेल्यांनाही तेवढेच दिवस लागतात. दहावा-बारावा या अर्थाने समजतो. मताचा मेळ घालायला गेले तर समजत नाही. त्यामुळे परलोकाच्या मतांतून अंत्यविधी निघाले असे मानण्यापेक्षा, मृताची सोय लावण्याची कृती आधीची आणि तिचे खुलासे मागाहून आलेले, असे मानणे पुराव्याला अधिक धरून आहे.

खुलासे नाकारणारेही या देशात प्राचीन काळापासून आहेत. चार्वाकांनी विचारले की, इथे घातलेले जेवण परलोकी पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याने शिदोरी कशाला न्यावी? एकोणिसाव्या शतकात हा वाद जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने गावागावांत नेला. ओतूर हे या समाजाचे एक महत्त्वाचे ठाणे होते. १८८०च्या दशकात इथल्या सत्यशोधकांनी ब्राह्मण पुरोहिताला न बोलावता लग्न लावले, त्यावरून दक्षिणेच्या हक्काचा दावा झाला आणि तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. १८९१ साली, फुल्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त स्वर्ग आणि श्राद्ध यांवर प्रश्नोत्तरे आहेत आणि भटाच्या हातून परलोकी काही पोचते हे त्यांत साफ नाकारले आहे. फुल्यांनी आपला देह जाळू नये, मिठात पुरावा अशी इच्छा व्यक्त केली होती आणि राहत्या घरामागे खड्डाही खणून ठेवला होता. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा वस्तीत पुरण्याची परवानगी मिळाली नाही आणि दहन करावे लागले. त्यांच्या अस्थी सावित्रीबाईंनी घराच्या आवारात त्याच जागी ठेवल्या. पुण्याच्या गंज पेठेतल्या समताभूमीवर आज दिसते ती त्यांवरचीच समाधी.